सामन्याआधीचा सत्कार

आमच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या मंडळींचा कुठलाही वाद ठराव केल्याशिवाय संपत नाही, आणि ठराव झाला की तो नव्याने सुरू होतो. मी हे थट्टेने सांगत नाही. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायट्यांच्या मधोमध बास्केटबॉलचं एक कोर्ट आहे आणि त्याच्या एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. मॅच संपली की खेळाडू घाम पुसत घरी जातात आणि पायऱ्यांवर सभा भरते. सभेला अध्यक्ष असतो. एकजण सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, हात वर होतात. 'आजच्या सामन्यात शेवटचा टाइमआउट उशिरा घेतल्याबद्दल ही सभा नापसंती व्यक्त करते.' मंजूर. मग अध्यक्ष स्वतः जाऊन कोचना ठराव ऐकवतात. कोच गुजराती आहेत, माणूस सभ्य आहे. ते हात जोडून 'बरोबर, काका, बरोबर' म्हणतात आणि पुढच्या मॅचला टाइमआउट त्यांना हवा तेव्हाच घेतात.

ही खोड आली कुठून हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे संस्थानच्या कचेऱ्यांत होते. कुणी वहिवाटदार, कुणी शाळाखात्यात, कुणी नुसतेच मोठ्या टेबलामागे. संस्थान गेलं, नातवंडं बँकांत आणि कॉलेजांत लागली, पण एखाद्या गोष्टीवर टिपण लिहून ती वर पाठवण्याची ओढ काही गेली नाही. आता वर पाठवायला कोच तेवढे उरलेत.

आमचं घर थोडं निराळं. आजोबा तसेच कचेरीतले, पण आई-बाबांनी तरुणपणापासून पत्रकं काढली. पाणी येत नाही, पत्रक. कंत्राटावरच्या सफाई कामगारांना हातमोजे नाहीत, पत्रक. रस्ता रुंद करायला कडुलिंब तोडणार, पत्रक. मला अक्षरओळख झाली तीच 'नागरिक हो' ह्या शब्दांवर. पत्रकांच्या घड्या घालत मी आणि माझा मोठा भाऊ वाढलो. दादाची घडी नेहमी तिरकी यायची, कारण त्याचे कान खाली कोर्टावर चेंडू आपटल्याच्या आवाजाकडे असायचे. आईचा एक नियम होता: एका पत्रकात एकच मागणी. दोन लिहिल्या की समोरचा त्यातली सोपी तेवढी मान्य करतो आणि मोकळा होतो.

तर दादा. दिवसभर तो एका ऑफिसात संगणकापुढे बसतो आणि संध्याकाळी आमच्या क्लबाच्या टीममधून खेळतो. खेळतो म्हणजे, गुडघा जाण्याआधी टीम त्याच्यामागून खेळायची. चेंडू घेऊन तो सरळ मधे शिरायचा, दोघांच्या खांद्यांमधून वाट काढायचा आणि उडी मारून चेंडू बोर्डाला इतक्या हलक्या हाताने टेकवायचा की रिंगची जाळीसुद्धा उशिरा हलायची. पायऱ्यांवरची मंडळी आठवडाभर त्या उडीवर जगत. कुणाच्या घरी पाहुणे आले तर त्यांना ती उडी दाखवायला आणत.

गेल्या वर्षी त्याच उडीवरून खाली येताना त्याचा डावा गुडघा आत वळला. तो पडला. पायऱ्यांवरून पहिला आवाज आला तो 'फाउल!' असा. दुसरा आला, 'कसला फाउल, आपला आपणच पडला.' आम्ही दादाला उचलून रिक्षात घालेपर्यंत त्या फाउलवर दोन पक्ष झालेले होते. ते अजून आहेत.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. मग दादा कित्येक महिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून टाचा वर-खाली करायचा आणि आई त्याच्या बाजूने वाट काढत पोळ्यांचा डबा न्यायची. फिजिओने त्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. जोराने आत शिरून उड्या मारणं आता बंद. आणि गार गुडघ्याने कोर्टावर पाऊल ठेवायचं नाही. आधी चांगला अर्धा तास तो गरम करायचा, आणि गरम झाला की गार पडू द्यायचा नाही.

ह्या दोन अटींवर तो परत आला, आणि कोचनी त्याच्यासाठी नवीन काम शोधलं. पहिल्या पाचात तो नसे. शेवटी शेवटी, टीम दमली की ते त्याला उतरवत. त्याने आत शिरायचं नाही. वर, तीन पॉइंटच्या रेषेपाशी उभं राहायचं, खेळ हळू करायचा, कोण मोकळा आहे ते बघून त्याला चेंडू द्यायचा. दादाला हे काम आवडायला लागलं होतं. पूर्वी त्याला रिंगशिवाय काही दिसायचं नाही. आता, तो मला म्हणाला, 'मला पहिल्यांदाच बाकीचे चौघं दिसायला लागलेत.'

सीझनच्या शेवटच्या मॅचच्या आधी कोच त्याला म्हणाले की चौथा क्वार्टर पूर्ण तुझा. गुडघा टिकला आणि तू टीम सांभाळलीस, तर पुढच्या सीझनला ह्याच कामासाठी तुला ठेवतो. नाही टिकला, तर टीममध्ये जागा अडवून ठेवता येणार नाही. दादाने हे घरी जेवताना सांगितलं, अगदी सहज, दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत. त्याने त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ टाचा उचलल्या.

पायऱ्यांवर मात्र दादाच्या नव्या कामावर तोवर रण पेटलं होतं.

एका पक्षाच्या पुढारी मांजलपूरच्या मावशी. बँकेत नोकरी करतात. प्रत्येक मॅचला स्कूटरवरून सगळं बडोदं ओलांडून येतात, हेल्मेट मांडीवर घेऊन बसतात आणि चिडल्या की त्याच्यावर थापा मारतात. दुसऱ्या पक्षाचे पुढारी अध्यक्षकाका. शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेले, आणि सभा कुठलीही असो, खुर्ची त्यांचीच असते म्हणून सगळे त्यांना ह्याच नावाने हाक मारतात.

'तो पहिल्या पाचात नाही म्हणजे काय?' मावशींनी हेल्मेटवर थाप मारली. 'मी मांजलपूरहून ट्रॅफिक खात येते ती काय त्याला टॉवेल गळ्यात घालून बसलेला बघायला?'

'बसलेला बघायचा नसेल तर उपाय सोपा आहे,' काका म्हणाले. 'त्याने आता सन्मानाने थांबावं. लोक अजून नाव घेतायत तोवर.'

'तमे रहेवा दो ने, काका! गुडघा शिवलाय त्याचा, डोकं नाही. पहिल्यापासून उतरवा, एकदा आत घुसू दे, आपोआप सगळं सुटं होईल.'

'आणि परत तुटला तर?'

'तुटला तर तुटला. खेळाडू आहे, काचेची बरणी आहे का?'

'बरणीच आहे,' मागून कुणीतरी म्हणालं. 'लोणच्याची. वर ठेवायची, उतरवायची नाही.'

सगळे हसले. मी नाही हसले. मी उभी राहिले आणि म्हणाले की तुटला तर तुमच्यातल्या कुणाच्या घरी उंबऱ्यावर टाचा उचलायला कुणी उभं राहणार नाहीये. तो आत शिरू शकत नाही आणि घरीही बसू इच्छित नाही. त्याला जमतं असं एक काम त्याला मिळालंय, ते तो नीट करतोय, आणि तुम्हाला ते दिसतच नाही कारण त्यात उडी नाही.

'बेटा,' काका शांतपणे म्हणाले, 'सूचना असेल तर रीतसर मांड.'

मी रीतसर मांडली. कोचनी ठरवलेली भूमिका योग्य आहे असं ह्या सभेचं मत आहे.

'अनुमोदक?'

मावशींनी हेल्मेटच्या काचेवरची धूळ पुसली. बाकीच्यांनी कोर्टाकडे बघितलं, जिथे कुणीच नव्हतं.

'अनुमोदक नसल्यामुळे सूचना पडली,' काका म्हणाले.

मला काय चीड आली ते सांगते. माणसाचं शरीर काम करता करता झिजलं की त्याच्यापुढे दोनच दारं ठेवायची: पूर्वीइतकं काम कर, नाहीतर घरी जा. हे कारखान्यात चालतं आणि बाबांनी त्यावर पत्रकामागून पत्रकं काढली. झिजलेल्या माणसाच्या मापाचं काम शोधा, हेच त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत मागितलं. ती पत्रकं ह्याच मंडळींनी वाचली, मान डोलावली, 'अगदी खरं' म्हणाले. आणि आता स्वतःच्या लाडक्या खेळाडूबद्दल ते मुकादमासारखे बोलत होते. आणि ते प्रेमाने बोलत होते. प्रेमाने बोलणाऱ्या मुकादमाविरुद्ध पत्रक कसं काढायचं, हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं.

मग वाद मिटला. कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण कुणीतरी म्हणालं, 'आपण त्याचा सत्कार करू या का?'

मावशींना वाटलं, जाहीर सत्कार झाला की कोचना लाज वाटेल आणि ते दादाला पहिल्या पाचात घेतील. काकांना वाटलं, सत्कार झाला की दादाला समजेल आणि तो थांबेल. दोघांचे हात एकदम वर गेले. पायऱ्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, प्रमुख पाहुणे. शेवटच्या मॅचच्या दिवशी. मॅचच्या आधी.

'आधी नको,' मी म्हणाले. 'त्याला तेव्हा गुडघा गरम करायचा असतो. नंतर करा.'

'नंतर लोक थांबत नाहीत,' काका म्हणाले. 'शिवाय हरलो तर वातावरण राहत नाही.'

'काका, त्याचं पुढचं वर्ष त्या मॅचवर आहे.'

'म्हणूनच तर सत्कार,' मावशी म्हणाल्या. 'विरोध एक. लिहा.' आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून मानपत्र लिहून वाचायचं काम त्यांनी मलाच दिलं. तुमच्या घरात लिहिण्याची परंपरा आहे, म्हणे.

घरी येऊन मी दादाला सांगितलं की तू नाही म्हण. स्पष्ट नाही म्हण. तो बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसला होता.

'घालू दे गं शाल. पाच मिनिटांचं काम.'

'आपल्या लोकांचं पाच मिनिटांचं काम तू कधी बघितलंयस?'

'लहानपणापासून बघतायत ते मला. नाही कसं म्हणू?'

त्याच्यावरही चिडले. आईकडे गेले तर ती म्हणाली, 'मानपत्र तूच वाचणार आहेस ना? मग माइक तुझ्या हातात येणार आहे.' आणि भाजी चिरत राहिली.

त्या दिवशी संक्रांतीनंतरची थंडी होती. चार वाजल्यानंतर ऊन इमारतींच्या मागे गेलं आणि सिमेंट गार पडायला लागलं. कोर्टाच्या कडेला सोसायटीच्या हॉलमधल्या खुर्च्या आणल्या होत्या, टेबलावर गणपतीत वापरतो ती चादर. दादा लवकर आला होता. पळून, वाकून, बसून-उठून त्याने गुडघा छान गरम केला होता. टी-शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लाल. तो मला लांबूनच अंगठा दाखवून म्हणाला, 'झकास आहे.' तेवढ्यात काकांनी माइकवरून त्याला बोलावलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं.

प्रमुख पाहुणे आले नव्हते. तरुणपणी ते ह्याच कोर्टावर खेळलेले होते आणि आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होते. पाहुण्यांशिवाय सुरू करता येत नाही, आणि सत्कारमूर्तीने खुर्चीतून उठणं बरं दिसत नाही. त्यामुळे दादा बसून राहिला. मी जाऊन त्याला जॅकेट दिलं. काकांनी ते काढायला लावलं, कारण शाल नीट बसली नसती.

पाहुणे आले तेव्हा दुसरी टीम समोरच्या रिंगवर सराव करत होती. मग काकांनी प्रास्ताविक केलं. त्यात ह्या कोर्टाच्या जागी पूर्वी काय होतं, आणि त्याच्याही पूर्वी काय होतं, ते आलं. मावशींनी दादाच्या सगळ्या गाजलेल्या उड्या एकामागून एक सांगितल्या, हातवाऱ्यांसकट, आणि प्रत्येक उडीनंतर कोचकडे रोखून बघितलं. कोच माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, 'बेन, आ लोको एने विदाय आपे छे के शुं?'

'निरोपच देतायत,' मी म्हणाले. 'त्यांना माहीत नाहीये एवढंच.'

शाल घातली गेली. चांगली जाड, लोकरीची, तपकिरी काठाची. नारळ हातात. हार गळ्यात. दादा हसत होता आणि मी त्याच्या पायांकडे बघत होते. टेबलावरच्या चादरीखाली त्याची डावी टाच वर-खाली, वर-खाली होत होती. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलले. त्यांनाही तरुणपणी दुखापत झाली होती, त्यांनीही वेळीच थांबायचं ठरवलं, आणि त्याचा त्यांना कधीही पश्चात्ताप झाला नाही. काकांनी जोराने टाळ्या वाजवल्या. दादाची टाच थांबली. आधी मला वाटलं तो ऐकतोय. मग त्याचा हात गुडघ्यावर गेलेला दिसला. तो गुडघा चोळत होता.

रेफ्रीने घड्याळ बघितलं. काकांनी मला माइक दिला.

माझ्या हातात छान जाड कागदावर छापलेलं मानपत्र होतं, चौकटीत, वर स्वस्तिक. दोन संध्याकाळी घालवून लिहिलेलं. मी ते वाचलं नाही. मी म्हणाले, 'नागरिक हो.' पायऱ्यांवरच्या मंडळींनी माना वर केल्या. काहींना वाटलं पाणी बंद होणार आहे. 'आमची एकच मागणी आहे. ह्या खेळाडूला आत्ताच्या आत्ता खुर्चीतून सोडा. त्याचा गुडघा गार पडतोय.' आणि माइक खाली ठेवला.

'मानपत्रात मागणी नसते!' काका म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं.

'वाचते कसं बघा, आईवरच गेलीय,' मावशी म्हणाल्या. हे कौतुक होतं की नाही ते मला कळलं नाही.

'पण आभारप्रदर्शन राहिलंय,' काका म्हणाले आणि आभार मानायला लागले. ते चादर देणाऱ्यापर्यंत पोचले तेव्हा रेफ्रीने शिट्टी वाजवली. वाक्याच्या मधोमध. त्या शिट्टीबद्दल मी त्या माणसाची आजही ऋणी आहे.

आता परत सगळं पहिल्यापासून करायला कोर्ट मोकळं नव्हतं. मॅच सुरू झाली. दादा बेंचच्या कडेला थोडा पळाला, वाकला, पण मधेमधे थांबून पाय झटकत होता. कोच येऊन त्याच्या गुडघ्याला हात लावून गेले.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आमची टीम बरीच मागे पडली. मावशी उभ्या राहून ओरडत होत्या, 'उतरवा त्याला! सत्कार काय उगाच केला?' काका खाली बसून म्हणत होते की सत्कार झालेल्या माणसाने आता उतरणं बरं नाही, लोकांत काय दिसेल. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून मला दोन्ही ऐकावं लागत होतं. आणि तेवढ्यात काकांचा आवाज चिरकला.

'शाल! अहो, शाल बघा!'

दादा बेंचवर बसला होता, समोर पाय लांब करून. डाव्या पायाला, मांडीच्या मध्यापासून पोटरीपर्यंत, सत्काराची शाल गुंडाळलेली होती. घट्ट, दोन पदरी, वर काठाची गाठ मारून. शालीच्या खाली तो मांडीचा स्नायू आवळत होता आणि सोडत होता. काठ हलताना दिसत होता.

पायऱ्यांवर असा गलका झाला की खेळणाऱ्यांनीही मान वळवली. पायाला! शाल पायाला! कुणी म्हणालं हा अपमान आहे, कुणी म्हणालं त्याच्याकडे दुसरं काय होतं, कुणी म्हणालं घरून काही आणायचं ना. मी म्हणाले, 'घरून जॅकेट आणलं होतं, ते तुम्हीच काढायला लावलंत.' ते कुणी ऐकलं नाही. काका उठले आणि धोतराचा नसलेला सोगा सावरल्यासारखी पँट वर ओढत तरातरा बेंचकडे गेले. मी मागोमाग.

'अरे,' ते म्हणाले, 'ती शाल आहे.'

'हो काका,' दादा म्हणाला. 'मस्त उबदार आहे. कुठून घेतलीत?'

काकांनी तोंड उघडलं. मला वाटतं ते खरंच दुकान सांगणार होते. घडियाळी पोळ म्हणतात त्या जुन्या गल्लीत त्यांचं नेहमीचं दुकान आहे, त्याचा त्यांना अभिमान आहे. पण चौथ्या क्वार्टरची शिट्टी झाली आणि कोच म्हणाले, 'चाल, भाई.' दादाने गाठ सोडली, गुडघा दोनदा वाकवून बघितला, शालीची घडी केली आणि समोर काका उभे होते म्हणून त्यांच्या हातात दिली. घडी तिरकी होती.

तो क्वार्टर अध्यक्षकाकांनी कडेला उभं राहून, हातावर शाल घेऊन, बघितला. जागेवर परत जायचं त्यांना सुचलं नाही.

दादा वर, रेषेपाशी उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की सगळं हळू व्हायचं. तो बोट दाखवायचा, कुणीतरी तिकडे पळायचं, चेंडू तिथे आधीच पोचलेला असायचा. आमच्या दमलेल्या टीमला एकदम श्वास घ्यायला वेळ मिळाला. एकदा त्याच्यासमोर मधली वाट पूर्ण मोकळी झाली. तीच वाट, तीच जुनी. सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. 'घूस! घूस!' मावशींचं हेल्मेट खाली पडलं आणि गडगडत गेलं. दादाने एक पाऊल टाकलं. मग त्याने त्या वाटेकडे न बघता कोपऱ्यात चेंडू दिला. कोपऱ्यातल्याने तो रिंगच्या बाहेर मारला.

'अरे देवा!' पायऱ्या बसल्या. 'स्वतः घेतला असता तर!'

पुढच्या वेळी दादाने परत त्याच कोपऱ्यात, त्याच खेळाडूला चेंडू दिला. ह्यावेळी जाळी हलली. त्यानंतर त्याने अजून एकदा तिथेच दिला. पायऱ्यांवर कुणालाच हे आवडत नव्हतं, आणि अंतर मात्र कमी होत होतं.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दादा दोन्ही पायांवर सरळ उभा होता, आणि मी इतका वेळ त्या दोन पायांव्यतिरिक्त काहीच बघितलं नव्हतं. कोच त्याच्याजवळ गेले. 'आवती सीझनमां आ ज काम,' ते म्हणाले. 'छेल्लो क्वार्टर तारो.' पुढच्या सीझनचं काम पक्कं झालं, आणि दादाने मान डोलावून खाली बघितलं. त्याला रडू आलं की त्याला बुटाची नाडी आठवते.

मला वाटलं, आता तरी झालं. आता ठरवायला काही उरलं नाही. मी विसरलेच की सभा व्हायची होती.

दादा सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघ्यावर बर्फ धरून बसला. वर अध्यक्षकाकांनी खुर्ची घेतली, हातावर शाल तशीच.

'सभेपुढे प्रश्न असा आहे,' ते म्हणाले, 'की सत्कार झालेला खेळाडू खेळतच राहिला तर सत्काराचं काय समजायचं. मागे घेतला असं समजायचं का?'

'मागे कसा घेणार?' मावशी म्हणाल्या. 'नारळ फोडून खाल्ला सगळ्यांनी. तुम्हीपण दोन तुकडे घेतलेत.'

'शाल तरी आहे अजून,' कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी काकांच्या हाताकडे बघितलं. काकांनीही बघितलं. मग ते उठले, पायऱ्या उतरून खाली आले, दादाचा बर्फ बाजूला सरकवला आणि शाल त्याच्या गुडघ्यावर टाकली. 'बर्फ पुरे. थंडी आहे,' ते म्हणाले. बर्फ किती वेळ ठेवायचा हे फिजिओने सांगितलेलं होतं आणि तो वेळ अजून झाला नव्हता, पण दादाने शाल गुडघ्यावर नीट ओढून घेतली. परत खुर्चीत बसल्यावर काका म्हणाले, 'हे इतिवृत्तात घेऊ नका.'

'घेऊ नका,' मावशी म्हणाल्या. 'पण पुढच्या वर्षी तो पहिल्या पाचात, हे घ्या. आज बघितलंत ना? पाय ठणठणीत आहे त्याचा.'

'ठणठणीत आहे म्हणूनच आता थांबावं,' काका म्हणाले.

'चौथा क्वार्टर!' मी उभी राहून ओरडले. घसा आधीच बसलेला होता. 'कोचनी आत्ता, तुमच्या समोर सांगितलं! चौथा क्वार्टर त्याचा! तो खूश आहे! विचारा त्याला!'

'बेटा, रीतसर मांड.'

मी रीतसर मांडलं. शब्द तेच होते.

'अनुमोदक?'

मावशी हेल्मेटला पडलेला ओरखडा बघत होत्या. बाकीचे कोर्टाकडे बघत होते. मग सगळ्यात खालच्या पायरीवरून एक हात वर आला. दुसऱ्या हाताने दादाने शाल धरून ठेवली होती.

अध्यक्षकाकांनी चष्म्यावरून खाली बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तेवढं मी कबूल करते.

'खेळाडूला सभेत मत नसतं,' ते म्हणाले, आणि सूचना पडली.